वरवट बकालच्या शोभा ढगेचा प्रबंध

काही वर्षांपूर्वी शेगावच्या एका लॉजमध्ये एक फ्रेंच जोडपं उतरलं होतं. अजिंठ्याहून निघालेलं, वाटेत गाडी बिघडल्यामुळे अडकलेलं. लॉजचे मालक माझ्या ओळखीचे. जवळपास फ्रेंच येणारा माणूस म्हणून त्यांना माझंच नाव ठाऊक, म्हणून त्यांनी मला खामगावाहून बोलावून घेतलं. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. पाहुण्याने माझं बोलणं मान तिरकी करून ऐकलं, बायकोकडे पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाला की तुमची भाषा फार सुंदर आहे, आमच्या आजोबांच्या वेळच्या पुस्तकासारखी. मग तो त्याच्या भाषेत भराभर बोलू लागला तेव्हा मला निम्मंही कळेना. शेवटी गॅरेजवाल्याचं म्हणणं मालकांनीच खुणा करून त्याला समजावलं. मला बसस्टँडवर सोडायला आले तेव्हा ते म्हणाले, "सर, राग नका मानू, पण मंग तुम्ही पुण्यात शिकवत काय होते?"

या अंकासाठी संपादकांनी माझ्या नोकरीतले अनुभव मागितले, तेव्हा त्या मालकांचाच प्रश्न आधी आठवला. त्याचं उत्तर देतो. पण ते देण्याचं खरं कारण वेगळं आहे. आपल्या जिल्ह्यातल्या वरवट बकालची एक मुलगी माझ्या हाताखाली प्रबंध लिहीत होती. तिला ते जमलं नाही, म्हणून ती परत आली, असं तिच्या गावात सगळे समजतात. तसं मीच सांगितलं होतं. ते खोटं होतं. तिचं नाव शोभा ढगे. नाव तिच्या परवानगीने लिहितो आहे.

आधी आमचं काम काय असतं ते सांगायला हवं, नाहीतर माझा गुन्हा कळणार नाही.

जशी संस्कृत-प्राकृतातून मराठी झाली, तशी लॅटिनमधून फ्रेंच झाली. हे बदल लोकांच्या तोंडात होतात. बाजारात, वावरात, चुलीपाशी. ती तोंडं कधीच मातीत गेली. मागे उरलं ते लिहिलेलं, आणि त्यावरून बोलणं ओळखायचं हा माझा धंदा. यातली गोम अशी की लिहिणारा माणूस शाळेत गेलेला असतो, आणि बोलतो तसं लिहायचं नसतं हीच गोष्ट शाळा आधी शिकवते. माझी आई रोहिणखेडची, तिला लिहिता येत नव्हतं. मामाला पत्र पाठवायचं झालं की ती सांगायची आणि मी लिहायचो. ती म्हणायची, "मले बरं वाटून नाही राह्यलं." मी लिहायचो, 'मला बरे वाटत नाही.' ती पत्रं पुढेमागे कोणा अभ्यासकाच्या हाती लागली, तर रोहिणखेडच्या बायका पुस्तकी मराठी बोलत असत असं तो खुशाल लिहून मोकळा होईल.

म्हणून आम्ही लिहिणाऱ्याचा तोल कुठे जातो ते बघत बसायचो. जुन्या काळी एका मास्तराने पोरांसाठी यादी केली, 'असं म्हणा, तसं म्हणू नका.' त्यातलं 'म्हणा' आम्हाला नको, 'म्हणू नका' हवं, कारण लोक तेच म्हणत होते. एका राजवैद्याने लहानग्या राजपुत्राचं बोबडं बोलणं जसंच्या तसं टिपून ठेवलं. त्याच्या औषधांचं कोणाला काही नाही, पण त्या बोबड्या बोलांवर आमच्यातल्या कित्येकांची हयात गेली. दोन राजे भाऊ एकमेकांना शपथ देतात, ती सैनिकांना समजावी म्हणून लॅटिन सोडून लोकांच्या बोलीत देतात. ती आमच्या अभ्यासाची गंगोत्री. आणि आज हातात आहे ती मात्र शंभराहून जास्त वर्षांनी केलेली नक्कल. मधल्या काळात नक्कल करणाऱ्याने काय सावरलं, काय बिघडवलं, कोण सांगणार?

नकलेवर पुन्हा छपाई. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपी विद्वानांनी ही जुनी बाडं छापली. माणसं व्यासंगी, पण त्यांना टापटिपीचं वेड. एकाच पानावर एक शब्द दोन तऱ्हांनी दिसला की जुना लेखनिक गलथान ठरवायचा आणि सगळं एकसारखं करून टाकायचं. छापील प्रत मग फार देखणी होते. स्वच्छ टाइप, मागे सूची. आम्ही इथे बसून त्याच वापरायचो, कारण मूळ हस्तलिखित परदेशातल्या ग्रंथालयात, आणि त्याची फिल्म, म्हणजे पानांची छायाचित्रं, मागवायची तर महिनोन् महिने वाट पाहायची. दर वर्षी पहिल्या तासाला मी विद्यार्थ्यांना सांगायचो की छापील प्रतीवर विश्वास ठेवू नका. स्वतः मात्र ठेवला.

उत्तर फ्रान्समधल्या एका लहानशा बाजारगावातल्या न्यायसभेचं दप्तर असं छापलेलं होतं. साक्षी, जबान्या, निवाडे. त्यावर मी एक पुस्तक लिहिलं. त्या गावची भाषा एका पिढीत, जणू ठरवून, सगळ्यांच्या तोंडी एकदम बदलली असं मी त्यात दाखवून दिलं. पुस्तकाचं कौतुक झालं. भाषा अशी एकदम कधी बदलते का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण छापील पानं इतकी एकसारखी होती की तो पडला नाही.

शोभा आली ती हे पुस्तक वाचून. सडपातळ, मोठ्या आवाजाची, हसली की खोलीभर ऐकू जाई. घरची भाजीपाल्याची शेती, गावात कॉलेजपर्यंत पोचलेली पहिली मुलगी, आणि फ्रेंच कुठून शिकली म्हणाल तर अमरावतीला एका म्हाताऱ्या जोगिणीकडून, म्हणजे मिशनच्या शाळेतल्या सिस्टरकडून. पहिल्याच दिवशी विद्यापीठातल्या आमच्या विभागात सगळ्यांसमोर तिने मला विचारलं, "सर, तुम्ही बी आपल्या इकडलेच ना? रोहिणखेडचे?"

बाकीचे प्राध्यापक हसले. वाईट हसले असं नाही, पण हसले. मी पुण्यात आलो तेव्हा माझ्याही बोलण्याला असेच हसले होते. त्यानंतर मी जीभ घासून घासून साफ केली होती. सासुरवाडीला, विभागात, सभेत, मी कुठला हे कोणाला ओळखू येत नसे, आणि त्याचा मला अभिमान होता. मी तिला म्हणालो, "आपण इथे प्रमाण भाषेत बोलू या." ती "हो सर" म्हणाली आणि पुढेही तशीच बोलत राहिली. विसरून नव्हे. तिला त्यात लाजण्यासारखं काही दिसत नव्हतं. मला ते रोज बोचायचं. पुढे जे झालं त्यात या बोचण्याचा वाटा किती आणि पुस्तकाच्या काळजीचा किती, हे मला अजून नीट वेगळं करता आलेलं नाही.

मी तिला तेच न्यायसभेचं दप्तर दिलं होतं. ती त्यात रमली. कोणी कोणाचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरला, कोणी कोणाला बाजारात शिव्या दिल्या, असलीच सगळी प्रकरणं. ती म्हणायची, सर, नावं बदलली तर हे आमच्या गावचेच भांडणं आहेत. मग तिने मला न विचारता त्या ग्रंथालयाला लिहून फिल्म मागवली. त्या सिस्टरने तिकडच्या कोणाला तरी सांगून काम लवकर करवून घेतलं. एक दिवस ती माझ्या खोलीत आली, बसायलाही थांबली नाही.

"सर, थो लेखनिक गलथान नाही. साक्षीदार बोलला का तो जसंच्या तसं लिहून राह्यला. अन् निवाडा आला का सावरून बसते, जुनं भारी भारी लिहिते. दोन्ही त्याचंच अक्षर आहे. छापणाऱ्यानं सारं एक करून टाकलं."

मी विचारलं, हे तुला कशावरून सुचलं? ती म्हणाली, "मी बी तसंच करतो ना सर. घरी निरोप लिहितो तो एक, अन् तुम्हाले अर्ज लिहितो तो एक."

तिचा शोध काय होता ते मी इथे सरळ लिहून ठेवतो. त्या गावची बोली एका पिढीत बदलली नव्हती. निवाड्यांच्या भाषेत दिसायच्या कितीतरी आधीपासून तो बदल साक्षीदारांच्या तोंडी हळूहळू मुरत आला होता. लेखनिकाला तो माहीत होता, आणि कुठे तो लिहायचा व कुठे झाकायचा हेही माहीत होतं. म्हणजे माझं पुस्तक चूक होतं. एखादं प्रकरण नव्हे, त्याचा पायाच.

मी तिला म्हणालो की तुझं वाचन चुकतंय, छापील प्रतीप्रमाणे प्रकरण पुन्हा लिही. ती गेल्यावर विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलो. तिने मागवलेली फिल्म तिथेच ठेवलेली होती. फिल्म वाचायचं यंत्र एका अंधाऱ्या खोलीत होतं. जबानीचं पान लावलं, मग निवाड्याचं, मग पुन्हा जबानीचं. अशी बरीच पानं पाहिली. शोभाचं बरोबर होतं. शंकेला जागाच नव्हती. मी फिल्म गुंडाळली, डबीत घातली, यंत्र बंद केलं आणि घरी जाऊन कोणाला काही बोललो नाही.

ही गोष्ट मी अगदी अलीकडेपर्यंत कोणाला सांगितली नव्हती. माझंच बरोबर आहे असं मला वाटत होतं आणि म्हणून मी अडून बसलो, असं झालं असतं तर तो अहंकार म्हटला असता. पण मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या वर्षी विभागप्रमुखपद माझ्याकडे यायचं होतं. तिच्या प्रगतीच्या अहवालात मी लिहिलं की उमेदवाराला हस्तलिखित वाचता येत नाही.

तिने प्रकरण बदललं नाही. शिष्यवृत्ती थांबली. मग तिचे वडील, वासुदेवराव, पुण्याला आले. धोतर, टोपी, पायांशी एक पिशवी. खुर्चीच्या अगदी टोकाशी बसले. ते म्हणाले, "सर, पोरगी म्हणते सरायचंच चुकलं. मले त्यातलं काही समजत नाही. तुम्हीच सांगा, खरं काय आहे?"

इतकं सरळ मला आयुष्यात कोणी विचारलं नाही. त्यांच्याशी मी आमच्या बोलीत बोलू शकलो असतो. तेव्हाही मी पुण्याच्या भाषेतच बोललो. "तिला हे काम झेपत नाही. मुलगी हुशार आहे, पण हट्टी आहे. तुम्ही तिला घेऊन जा, तिच्या दृष्टीने तेच बरं." त्यांनी मान हलवली. तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असणार, असं काहीसं पुटपुटले. मग पिशवी माझ्यापुढे सरकवली. भरताची वांगी होती, वावरातली. मी घेतली. घरी भरीत झालं, आणि आमच्याकडचं वांगं पुण्यात मिळत नाही असं म्हणत मी दोनदा वाढून घेतलं.

शोभा गावी गेली. तिचं लग्न झालं, शेगावला एका खासगी शाळेत मराठी शिकवू लागली, एवढं कधीतरी उडत कानावर आलं. मी विभागप्रमुख झालो. नोकरी पुरी करून खामगावला आलो. माझ्या हाताखाली बरेच प्रबंध झाले, सगळे नेमस्त, कोणीही मला कधी अडचणीत टाकलं नाही.

अलीकडे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला एक बातमी कळवली. त्या दप्तराची नवी आवृत्ती निघाली आहे, थेट हस्तलिखितावरून. करणारी बाई फ्रेंच आहे. तिच्या प्रस्तावनेत शोभाचा शोध आहे, जवळजवळ शोभाच्याच क्रमाने. बाईंचा काही दोष नाही, त्यांनी तो शोध स्वतः लावला. आता तर ते हस्तलिखित घरबसल्या मोबाइलवर दिसतं. मी पाहिलं. त्या अंधाऱ्या खोलीत पाहिलेलं पान बोटाने मोठं करून पाहिलं.

बाईंना मी सगळं कळवलं. त्यांचं उत्तर सभ्य होतं, पुढच्या लेखात शोभाचा उल्लेख करते म्हणाल्या. त्या उत्तराच्या जोरावर मी शेगावला शोभाकडे गेलो. दार तिनेच उघडलं. केस पांढरे झालेत, आवाज तोच. मला ओळखायला तिला क्षणभरही लागला नाही. "या सर, बसा," म्हणाली आणि पाणी आणलं. मी सगळं सांगू लागलो. मी फिल्म पाहिल्याचं सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "बाबा पुण्याले आले त्याच्या आधी, का नंतर?"

"आधी," मी म्हणालो.

ती उठून आत गेली. बऱ्याच वेळाने चहा घेऊन आली. बहुधा रडली असावी, पण मला तसं दिसू दिलं नाही. प्रबंधाची टाइप केलेली प्रत आहे का, म्हणून मी विचारलं. गावच्या घरी पेटीत होती, वाळवीनं खाल्ली, म्हणाली. म्हणजे तिच्या कामाचा कागदाचा कपटाही उरलेला नाही. विद्यापीठात ते कधी दाखलच झालं नव्हतं. मी मोठ्या समाधानाने त्या फ्रेंच बाईंचं सांगितलं. तिकडे तुझं नाव छापून येईल, म्हणालो.

"तिकडं मले कोण ओळखते सर? मले नापास म्हणणारे सारे इथले आहेत. माझे भाऊ, भावजया. पोरीले जास्त शिकवलं का काय होते ते सांगाले अजून माझंच नाव घेतात. त्या एका गोष्टीपायी गावातल्या दोन-चार पोरी बारावीतूनच घरी बसवल्या लोकायनं. तुम्हाले लिहायचं असन तं इथं लिहा."

मी कबूल केलं. या अंकात हा मजकूर येतो आहे तो त्यामुळे. उठताना मी म्हणालो की लेख छापून आला की आधी तुला आणून देतो. ती जरा हसली, आणि पहिल्यांदा तिच्या हसण्यात धार होती. "लिहिणं सोपं असते सर. लिहिताना माणूस सारं धुऊन पुसून लिहिते, हे तुम्हीच शिकवलं. माय अजून आहे माझी. तिले वाचता येत नाही. तिले तोंडानं सांगा."

वासुदेवराव गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांना सांगायचं राहिलंच.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे शेगावहून एसटीने वरवट बकालला गेलो. वाटेत ती खिडकीबाहेर बघत होती, मी मनात वाक्यं जुळवत होतो. घर आता पक्कं आहे. ओसरीवर बाजेवर म्हातारी बसली होती, अंगाने चिपाड झालेली, पण कान आणि नजर शाबूत. शोभाचा भाऊ दारात उभा राहिला. शोभा म्हणाली, "माय, हे पुण्याचे सर." म्हातारी लगबगीने पदर सावरून उठू लागली, मला बाजेवर जागा करून देऊ लागली. मी खाली सतरंजीवर बसलो.

जुळवलेली वाक्यं कामी आली नाहीत, ती पुण्याच्या भाषेत होती. कितीतरी वर्षांनी माझ्या आईची भाषा तोंडात आली, अडखळत आली. मी म्हणालो, "आजी, तुमच्या पोरीचं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं होतं. मले ते माहीत होतं, अन् तरी मी तिच्या बापाले खोटं सांगतलं."

म्हातारीने ऐकलं. पुन्हा सांगा, म्हणाली नाही. तिने मान शोभाकडे वळवली.

"तू सांगतलं होतं मले."

"हाव माय."

"अन् मी म्हटलं, इतका मोठा मास्तर खोटं कायले बोलन."

भाऊ दारातून आत निघून गेला. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण म्हातारीने माझ्याकडे न बघताच हाताने थांबवलं. तिला माझ्याशी काही बोलायचं नव्हतं. तिने बाजेवर सरकून शोभाला जवळ बसवलं.

"काय लिहिलं होतं बाई तू त्याच्यात? मी कधी इचारलंच नाही."

शोभा सांगू लागली. एक गाव होतं माय, लय दूर, लय जुनं, आपल्यासारखंच बाजाराचं. तिथं एक विधवा बाई होती. तिच्या भिंतीपलीकडं भांडण झालं अन् एक माणूस मेला. तिले साक्षीले बोलावलं. बाई अडाणी, घाबरलेली. समोर सारे मोठे लोक. तिनं जसं ऐकलं तसं तिच्या बोलीत सांगतलं. तिथं एक लिहिणारा बसला होता, मोठा शिकलेला. त्याले भारी भाषा येत होती. वाटलं असतं तं तिचं सारं बोलणं त्यानं त्याच्या भाषेत फिरवून टाकलं असतं, कोणी इचारलं नसतं.

शोभा सांगत होती आणि तिचा पूर्ण प्रबंध मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"मंग?" म्हातारीने विचारलं. "काय केलं त्यानं?"

"ती बोलली तसंच लिहिलं माय. एक शब्द नाही फिरवला."



"भला माणूस होता थो," ती म्हणाली.